मधल्या सुट्टीचा तास

शाळेच्या फाटकासमोरच्या टपरीवर वेफर्सचा पुडा पाच रुपयांना मिळतो. फाटकाच्या आत पहिली ते पाचवीच्या एका मुलाच्या दुपारच्या जेवणासाठी डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन मिळून सरकारी हिशेबात ६ रुपये ७८ पैसे धरलेले असतात. हा दर मे २०२५ पासूनचा. त्याआधी तो ६ रुपये १९ पैसे होता. तांदूळ भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून वेगळा येतो, त्याची किंमत यात नाही, हे मान्य. तरीही एवढ्या पैशांत २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल मुलाच्या ताटात पडले पाहिजे आणि गॅसचा सिलिंडरही संपता कामा नये, अशी अपेक्षा आहे. पुड्याच्या बाजूने जाहिराती आहेत, नटनट्या आहेत, आत एखादे खेळणेही असते. खिचडीच्या बाजूने किचन शेडमधल्या दोन बाया आणि एक मोठे पातेले.

मुलांनी काय खावे हे सांगणाऱ्यांची आपल्याकडे मात्र अजिबात टंचाई नाही. वर्गाच्या भिंतीवर पौष्टिक आहाराचा तक्ता असतो, सप्टेंबरात पोषण महिना साजरा होतो, सकस आहारावर निबंध लिहून घेतला जातो आणि उत्तम निबंधाला पुष्कळदा चॉकलेटच बक्षीस मिळते. निबंध लिहिणाऱ्या मुलाला सगळे पाठ असते: पालेभाजी चांगली, तळकट वाईट, पाणी भरपूर प्यावे. नुसते पाठ असल्याने पालेभाजी घशाखाली उतरत नाही. ती उतरते रोज समोर आल्याने, शेजारचा मित्र खातो आहे हे दिसल्याने, वाढणाऱ्या बाईंनी नावाने हाक मारून ‘घे रे थोडी’ म्हटल्याने, आणि जेवायला पुरेसा वेळ मिळाल्याने. शाळेच्या वेळापत्रकात गणिताला तास आहे, परिसर अभ्यासाला तास आहे. जेवणाला मात्र उरलेली वीस-पंचवीस मिनिटे, त्यातली निम्मी हात धुण्याच्या नळापाशी रांगेत. जेवण हा शाळेच्या कामाचाच भाग मानून सगळ्या मुलांनी, सगळ्या प्रकारच्या शाळांत, एकत्र बसून करायचा तास व्हायला हवा. तो झाला, तर घरातली जेवणाची कटकटही निम्म्याने हलकी होईल.

हा विचार महाराष्ट्राला परका नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. महात्मा गांधींनी १९२७ मध्ये या वसतिगृहाला भेट दिली आणि त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. मुलांच्या दोन वेळच्या जेवणासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेच्या कार्यक्रमांत ही गोष्ट भावुक होऊन सांगितली जाते. तिचा व्यवहारी अर्थ मात्र फारसा कोणी सांगत नाही. त्या वसतिगृहात जेवण हे शिक्षणाला जोडलेले शेपूट नव्हते. पोरांनी कोणाच्या हातचे खायचे, कोणाच्या शेजारी बसायचे, चूल कोणी पेटवायची, भांडी कोणी घासायची, हेच तिथले पहिले शिक्षण होते. पुस्तके त्यानंतर.

देशपातळीवरची वाट दक्षिणेतून आली. मद्रास महापालिकेने १९२० मध्ये एका शाळेत मुलांना जेवण द्यायला सुरुवात केली. मुख्यमंत्री कामराजांनी १९५६ मध्ये ते राज्यभर नेण्याचा घाट घातला आणि पुढे मुख्यमंत्री झालेल्या एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये त्याला मोठे रूप दिले. लोकप्रियतेसाठी चालवलेली उधळपट्टी म्हणून त्या वेळी शहाण्यासुरत्या लोकांनी नाके मुरडली होती. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, पण बहुतेक राज्यांनी शिजवण्याची जबाबदारी टाळून महिन्याला तीन किलो धान्य मुलांच्या हाती दिले. आज चाळिशीकडे झुकलेल्या कितीतरी मराठी माणसांना शाळेतून तांदळाची पिशवी घेऊन घरी गेल्याचे आठवत असेल. अखेर २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कोरडा शिधा चालणार नाही, शिजवलेले जेवण द्या, आणि वर्षातून निदान २०० दिवस द्या.

कोरडे आणि शिजवलेले यांत फरक काय, असे तेव्हाही विचारले गेले होते. पिशवीतला तांदूळ घराच्या डब्यात पडतो आणि मग तो घराचा होतो. बापाला, आजीला, पाहुण्यांनाही त्यातून वाढले जाते. ताटातली खिचडी त्या मुलाच्याच पोटात जाते. मग शाळेत जेवला म्हणून घरी त्याला कमी वाढत असतील, ही पुढची शंका. अर्थतज्ज्ञ फरझाना आफ्रिदी यांनी मध्य प्रदेशातल्या मुलांच्या रोजच्या आहाराचा अभ्यास करून ही शंका बऱ्याच अंशी खोटी ठरवली: शाळेतल्या जेवणामुळे मुलांना मिळणारे पोषण खरोखरच वाढले होते, घरच्यांनी त्यांचा घास काढून घेतला नव्हता. त्याहून दूरवरचा परिणाम २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसला. ज्या मुलींना लहानपणी शाळेत जेवण मिळाले होते, त्या पुढे आई झाल्यावर त्यांच्या मुलांत खुजेपणाचे प्रमाण कमी राहिले. म्हणजे आज सातवीतल्या मुलीच्या ताटात पडलेला डाव पंधरा वर्षांनी अंगणवाडीच्या उंची मोजण्याच्या पट्टीवर दिसतो. निवडणुका पाच वर्षांनी येतात, हीच काय ती अडचण.

ती पट्टी काय सांगते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने हडकुळी. आधीच्या सर्वेक्षणाशी ताडून पाहिले तर यात सुधारणा जवळजवळ नाहीच. ही आकडेवारी देशातल्या श्रीमंत राज्यांत गणल्या जाणाऱ्या राज्याची आहे.

असे असताना अंड्याचे जे झाले ते पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या जेवणात आठवड्यातून एक अंडे, आणि न खाणाऱ्याला केळे किंवा स्थानिक फळ, असा निर्णय घेतला. काही संघटनांनी विरोध केला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यासाठीचा वेगळा निधी बंद केला. अंडा पुलाव ऐच्छिक झाला आणि हौस असेल त्या शाळेने लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असे सांगण्यात आले. गोड पदार्थांच्या साखरेचेही तेच. ज्या गावात गावकऱ्यांना वर्गणी काढून शाळेला अंडी पुरवता येतील, त्या गावातल्या मुलांना शाळेच्या अंड्याची गरज बहुधा सगळ्यात कमी असेल, एवढे साधे गणित शासन निर्णय लिहिणाऱ्याला सुचू नये?

अंडे हा काही जादूचा पदार्थ नाही. पण एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिने असतात, त्याला पाणी घालून पातळ करता येत नाही, आणि ते दिले की नाही हे चौथीतले पोरही मोजू शकते. वरणात डाळ किती होती, हे मोजायला कोणाला जमते? तमिळनाडूत मुलांना आठवड्याला पाच अंडी मिळतात, न खाणाऱ्यांना केळी. कर्नाटकात अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या पैशांतून अंड्यांचे दिवस आठवड्याला सहापर्यंत गेले. खुद्द महाराष्ट्रात अमृत आहार योजनेखाली आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत मुलांना आठवड्यातून चार वेळा अंडी देण्याची तरतूद आहे, त्याने कोणाचा धर्म बुडालेला नाही. ज्या घरात अंडे चालत नाही त्या घराच्या मुलाला केळे मिळावे, त्याची थट्टा होऊ नये, हे बघणे शाळेचे कामच आहे. पण बाजूच्या मुलाने काय खावे, हे ठरवण्याचा अधिकार त्यातून निघत नाही.

पंगतीतली कुरबुर अंड्यापाशी सुरू होत नाही, तशी तिथे संपतही नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यावे, असे सांगितले. त्यानंतर देशात ठिकठिकाणी अशा स्वयंपाकिणीच्या हातचे खायचे नाही म्हणून पालकांनी मुलांचे जेवण बंद केल्याच्या बातम्या आल्या. कर्मवीरांच्या साताऱ्यात एका पंगतीने जो प्रश्न विचारला होता, तोच हा.

ताटातल्या तांदळाबद्दलही बोलायला हवे. ज्वारीची भाकरी खाणाऱ्या मराठवाड्यात, नाचणी-वरई पिकवणाऱ्या डांगाण पट्ट्यात, शाळेतले जेवण म्हणजे वर्षभर तांदूळच, कधी खिचडी, कधी पुलाव, कधी मसालेभात. राज्याने पदार्थांची यादी लांबवली, मोड आलेली कडधान्ये आणली, नाचणीचे सत्त्वही आणले, हे चांगलेच. पण यादीचा पाया तांदूळच राहिला, कारण गोदामात तांदूळ आहे. ब्राझीलने २००९ च्या कायद्याने शालेय आहारासाठी केंद्राकडून मिळणाऱ्या पैशांतले किमान ३० टक्के स्थानिक छोट्या शेतकऱ्यांकडून खरेदीवर खर्च करणे बंधनकारक केले. तिथे मुलांचे ताट आणि गावातले शेत कायद्याने जोडले गेले. आपल्याकडे शाळेच्या परसबागेतला शेवगा आणि कढीपत्ता त्या दिशेने चार पावले टाकतो, पण परसबागेवर पातेले भरत नाही. ज्वारी पिकवणाऱ्या तालुक्यातली ज्वारी त्याच तालुक्यातल्या शाळेत शिजावी यासाठी खरेदीचे नियम बदलावे लागतील.

जपानचे उदाहरण वारंवार दिले जाते. स्वच्छ पोशाखातली शिस्तीची गोड पोरे दाखवली जातात आणि संपते. खरी गोष्ट त्यापलीकडची आहे. तिथले शालेय जेवणही गरिबांसाठीच सुरू झाले: १८८९ मध्ये त्सुरुओका गावी बौद्ध भिक्षूंनी चालवलेल्या शाळेत गरीब मुलांना भाताचे गोळे दिले जात. १९५४ च्या कायद्याने ते शिक्षणाचा भाग झाले आणि हळूहळू डॉक्टरचा मुलगा व कामगाराचा मुलगा एकच जेवण जेवू लागले. मुले डोक्याला टोपी आणि अंगात पांढरा झगा घालून पाळीपाळीने वाढतात, शिक्षक त्याच वर्गात तेच खातात. स्वयंपाकाचा व कामगारांचा खर्च स्थानिक संस्था उचलते, जिन्नसांचे पैसे वर्षानुवर्षे साधारणपणे पालक देत आले, ज्यांना परवडत नसे त्यांना मदत मिळे. २००५ पासून पोषणाचे वेगळे शिक्षकही नेमले जातात. मुख्याध्यापक मुलांच्या आधी जेवण चाखतो. हा शेवटचा नियम आपल्याकडेही आहे, त्यासाठी चव नोंदवही आहे. २०१३ च्या जुलैत बिहारच्या सारण जिल्ह्यात कीटकनाशक मिसळलेल्या जेवणाने २३ मुले दगावली, तेव्हा त्या नियमाकडे देशभर लक्ष गेले. पण चाखून सही करणे वेगळे आणि ताट घेऊन मुलांच्या पंगतीत बसणे वेगळे. गुरुजींच्या डब्यात पोळी-भाजी आणि मुलांच्या ताटात पुलाव असेल, तर तो कसा झालाय याची चिंता कोण करणार?

आपल्याकडे जेवण ‘त्यांच्या’, म्हणजे गरिबांच्या, शाळेत असते. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत जाणारे मूल डबा नेते किंवा कॅन्टीनमधून घेते, आणि तिथे वेगळाच प्रश्न उभा आहे. २०१६-१८ च्या देशव्यापी पोषण सर्वेक्षणात शाळकरी आणि किशोरवयीन मुलांपैकी सुमारे १० टक्के मुले मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले; चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांत साखरेचा वाटा १३ टक्के आहे आणि तो ५ टक्के असावा, असे मंडळाचेच म्हणणे. महाराष्ट्राने तर २०१७ मध्येच शाळांच्या कॅन्टीनमधून वेफर्स, नूडल्स, थंड पेये वगैरे हद्दपार करण्याचा निर्णय काढला होता. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम सांगतो की, शाळेपासून ५० मीटरच्या आत मीठ-साखर-चरबीने भरलेले पदार्थ विकू नयेत. या नियमाची पट्टी घेऊन एखाद्या शहरातल्या कोणत्याही शाळेबाहेर उभे राहिले, तर पहिल्या पाच मीटरांतच हसू येईल.

बंदी वाईट नाही, अर्धी मात्र आहे. चिलीने २०१६ मध्ये पाकिटाच्या तोंडावर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले, त्याच पदार्थांची मुलांसाठीची जाहिरात आणि शाळेतली विक्रीही थांबवली. तिन्ही एकाच कायद्याने. आपल्याकडे पाकिटावर इशारा असावा की तारे द्यावेत, यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२२ च्या मसुद्यापासून वाद घातला गेला आहे. ताऱ्यांची कल्पना कंपन्यांना आवडते, यातच सगळे आले. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रेत्यांना बोर्नव्हिटासारखी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितली. दोन-तीन पिढ्या आयांनी कर्तव्य म्हणून दुधात ती पूड ढवळली, त्यानंतर.

घराबद्दल बोलताना बहुतेक लेख आईला धारेवर धरतात. सकाळी सहाला उठून दोन डबे, एक नाश्ता आणि स्वतःची लोकल सांभाळणाऱ्या बाईला ‘सातरंगी डबा’ बनवायला सांगणारे सल्ले बहुधा ज्यांना डबा आयता मिळतो त्यांनी लिहिलेले असतात. घराकडून अपेक्षा करायचीच, तर ती मोजकी आणि सगळ्यांकडून असावी. पहिली म्हणजे लाच बंद करणे. ‘भाजी संपव, मग आइस्क्रीम’ हा घरोघरचा सौदा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिआन बर्च यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लहान मुलांना एक नवे पेय दिले. ते प्यायल्याबद्दल ज्यांना बक्षीस मिळाले, त्यांनाच ते पुढे कमी आवडू लागले. मूल हिशेबी असते: ज्यासाठी बक्षीस द्यावे लागते ते वाईटच असणार, हे ते ओळखते. दुसऱ्या एका अभ्यासात ‘सूप संपव’ असा तगादा लावलेल्या मुलांनी, तगादा न लावलेल्यांपेक्षा कमी सूप घेतले आणि कुरकुर जास्त केली. नवी चव रुजायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा ती ताटात यावी लागते. चौथ्या वेळी दोडका तसाच राहिला म्हणून आई-बाप दोडका आणणेच सोडतात, आणि मुलाचा जय होतो.

दुसरी अपेक्षा जेवताना पडदा बंद ठेवण्याची, आणि ती आधी बाबांकडून. तिसरी, घरातल्या मोठ्यांनी ‘जाड्या’, ‘काडीपैलवान’, ‘किती खातेस’ हे शब्द गिळण्याची. वजनावरून चिडवले गेलेले मूल सडपातळ होत नाही, लपून खायला शिकते.

पोटाचा आणि मनाचा संबंध शाळेत किती सरळ असतो याची एक छोटी गोष्ट लोहाच्या गोळीत सापडते. किशोरवयीन मुलामुलींना शाळेत आठवड्यातून एकदा निळी गोळी देतात. उपाशीपोटी घेतली तर मळमळते, म्हणून ती जेवणानंतर द्यायची. ज्या शाळेत सगळ्यांचे जेवण होते तिथे गोळीही जाते. जिथे मुली डबा न खाता बसून राहतात, तिथे गोळी दप्तरात राहते किंवा खिडकीबाहेर पडते. सकाळच्या शाळांचेही तसेच. महाराष्ट्राने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असे ठरवले, मुलांच्या झोपेसाठी. नाश्त्यासाठीही तो निर्णय तितकाच मोलाचा होता. तमिळनाडू त्याच्याही पुढे गेला: सप्टेंबर २०२२ मध्ये १,५४५ शाळांतून सकाळची न्याहारीच सुरू केली आणि पुढच्या वर्षी ती राज्यभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांत नेली. गरमागरम उपमा किंवा पोंगल पोटात असलेल्या मुलाला पहिल्या तासाला फळ्याकडे बघ असे सांगावे लागत नाही.

जेवणाच्या तासावर शिक्षकांचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो रास्त आहे. तांदळाचा साठा, रोजची ऑनलाइन नोंद, सिलिंडर, बिले, चव नोंदवही, शिकवायचे कधी? जेवणाला तास म्हणायचे तर ही कारकुनी शिक्षकाच्या माथ्यावरून उतरवावी लागेल. दहा-बारा शाळांमागे एक पोषण अधिकारी नेमला, तर साठा आणि नोंदी त्याच्याकडे जातील आणि गुरुजींकडे फक्त पंगत राहील. खासगी शाळांना जेवण सक्तीचे करणे एका दिवसात होणार नाही, पण शुल्कात सहलीचे आणि गणवेशाचे पैसे धरणाऱ्या शाळेला गरम जेवणाचे पैसे धरता येणार नाहीत, असे नाही.

आणि किचन शेडमधल्या त्या दोन बायांचे काय? केंद्राने स्वयंपाकी-मदतनिसांचे मानधन २००९ मध्ये महिना १,००० रुपये ठरवले, तेही वर्षातले दहाच महिने. त्यातला केंद्राचा वाटा पुढे ६०० रुपयांवर आला, आणि १,००० चा तो आकडा नंतर कितीतरी वर्षे वाढलाच नाही. महाराष्ट्राने आपल्या तिजोरीतून भर घालून ते २,५०० पर्यंत नेले. कोणत्या मुलाला तिखट सोसत नाही, कोण सोमवारी जरा जास्त वाढून मागतो कारण रविवारी घरी काही शिजले नव्हते, हे शाळेत सगळ्यात आधी यांना कळते. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत जेवणावर चर्चा होते तेव्हा त्यांना निदान एक खुर्ची मिळावी, आणि दिवाळीच्या व मेच्या सुट्टीतही पगार मिळावा, यासाठी कुठल्या नव्या संशोधनाची गरज नाही. अंदाजपत्रकात एक ओळ बदलावी लागेल.